‘देईल’चं ‘वाटलं तर देईल’ कसं होतं: सिन्नरहून शस्त्र कायदा वाचताना

पीएचडी प्रवेशासाठी लिहिलेल्या आराखड्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘कायदा चांगला आहे, पण अंमलबजावणी नीट होत नाही.’ विषय रोजगार हमी असो, वनहक्क असो की माहितीचा अधिकार, वाक्य तेच. माझा आक्षेप असा की या वाक्यात संशोधनाचा प्रश्न सुरू व्हायच्या आधीच संपून जातो. कायद्याचा अर्थ एकच आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि खालचा माणूस तेवढा पाळत नाही, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात खालचा माणूसही कायदा वाचतच असतो. हवालदार वाचतो, जिल्हाधिकारी कार्यालयातला अव्वल कारकून वाचतो, वनपाल वाचतो. नागरिकाला जो कायदा भेटतो, तो बहुतेक वेळा त्यांच्या वाचनातून आलेला असतो.

हा मुद्दा आज मी शस्त्र परवान्याच्या उदाहरणावर मांडणार आहे. विषय आडवळणाचा वाटेल, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यासाठी तो फार सोयीचा आहे. कायदा छोटा आहे, भाषा बऱ्यापैकी स्पष्ट आहे, आणि तरी एकाच कलमाचे तीन कार्यालयांत तीन अर्थ निघतात. बंदुका वाढाव्यात की कमी व्हाव्यात, हा या लेखाचा प्रश्न नाही. राज्यसंस्था स्वतःचंच वाक्य कसं वाचते, एवढाच प्रश्न आहे.

आधी थोडा इतिहास, कामापुरता

१८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. १८५७ ची धास्ती मनात ठेवून केलेला. भारतीयांना परवाना लागायचा, युरोपियनांना सूट होती. हा भेदभाव राष्ट्रीय चळवळीला कायम खुपत राहिला. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, पण ‘नियमांच्या अधीन राहून’. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालायची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. म्हणजे आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा घटनेतला मूलभूत हक्क नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग १९५९ चा कायदा आला. त्याचं उद्देशांचं निवेदन जरूर वाचा. त्यात म्हटलंय त्याचा मथितार्थ असा: जुना कायदा सगळ्या देशाला निःशस्त्र करण्यासाठी होता, स्वातंत्र्यानंतरही त्याचा जाच कायद्याने वागणाऱ्यांनाच होतो आणि दरोडेखोरांना होत नाही, म्हणून ज्याची पूर्वपीठिका वाईट नाही अशा नागरिकाला स्वसंरक्षणासाठी परवाना मिळायला हवा. निवेदन हा काही कायदा नव्हे. पण कायदा कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, ते त्यातून कळतं.

कलम १३: एका वाक्यातल्या दोन खोल्या

आता मूळ मजकूर. कलम १३ च्या तिसऱ्या उपकलमाची सुरुवात ‘परवाना प्राधिकारी परवाना देईल’ अशी आहे. इंग्रजीत तिथे ‘शॅल’ आहे, ‘मे’ नाही. पुढे दोन खंड येतात.

खंड (अ) ठरावीक शस्त्रांबद्दल बोलतो. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी. आपल्याकडे जिला बारा बोअर म्हणतात, ती साधारण याच वर्गातली. दुसरी ठासणीची बंदूक, खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी. ठासणीची पुरेशी नाही असं प्राधिकाऱ्याला पटलं, तर पिकासाठीही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आणि तिसरी, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट बावीसची किंवा हवेची रायफल.

खंड (ब) म्हणजे उरलेलं सगळं. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर वगैरे यात येतात. इथेही क्रियापद ‘देईल’च आहे, पण अट जोडलीय: अर्जदाराला ‘सबळ कारण’ आहे असं प्राधिकाऱ्याचं समाधान झालं पाहिजे.

फरक बघा. (अ) मध्ये प्रयोजन कायद्यानेच मान्य करून टाकलंय. पीक राखायचंय, हे पुरेसं आहे. (ब) मध्ये प्रयोजन अर्जदाराने पटवून द्यायचं आहे. एकाच वाक्याच्या या दोन खोल्या आहेत आणि दोन्हींची दारं वेगवेगळी आहेत.

याच्या समोर कलम १४ उभं आहे, नकाराचं. अर्जदार कायद्याने अपात्र असेल, मनाने अस्थिर असेल, ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ असेल, किंवा सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटलं, तर प्राधिकारी परवाना नाकारेल. इथेही ‘शॅल’च. म्हणजे द्यायचं कर्तव्य आहे आणि नाकारायचंही कर्तव्य आहे. अधिकाऱ्याचा विवेक ‘समाधान’, ‘अयोग्य’ आणि ‘आवश्यक’ या तीन शब्दांत राहतो. विवेकाधिकारावर संशोधन करायचं असेल तर बोट नेमकं या शब्दांवर ठेवा. ‘अधिकाऱ्यांना फार अधिकार आहेत’ असं मोघम लिहू नका.

कलम १४ मध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराने मागितली तर, सार्वजनिक हिताच्या आड येत नसेल तेव्हा, त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो. एखाद्या जिल्ह्याच्या अर्जासोबतच्या कागदांच्या यादीत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं दिसली, तर लगेच ‘बेकायदा’ असं ओरडू नका. आधी विचारा: हा कागद कोणत्या कलमाचं काम करतोय? अर्जदाराची ओळख पटवायला, धोका तपासायला, की ऐपत बघायला? एकच कागद तिन्ही कामं करू शकतो. तिसरं काम कायद्याला मान्य नाही.

पोलिसांचा अहवाल कधी आला?

आज कुणालाही विचारा, शस्त्र परवान्यात सगळ्यात महत्त्वाचं काय? उत्तर येईल: पोलिसांचा अहवाल. १९५९ च्या मूळ मजकुरात तो अनिवार्य नव्हता. प्राधिकाऱ्याला गरज वाटेल ती चौकशी करून निर्णय द्यायचा होता. जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा अहवाल मागवणं १९८३ च्या दुरुस्तीने बंधनकारक झालं. काळ लक्षात घ्या, पंजाबमधली परिस्थिती चिघळत होती. शस्त्रांची कमाल संख्या तीनवर आणली गेली तीही याच दुरुस्तीत. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं केली.

पण १९८३ च्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. ठरलेल्या मुदतीत पोलिसांचा अहवाल आला नाही, तर प्राधिकारी योग्य वाटल्यास त्याची वाट न पाहता आदेश देऊ शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत पोलीस अहवालाला तीस दिवस आणि त्यानंतर निर्णयाला साठ दिवस अशी चौकट आहे. म्हणजे अहवाल हा निर्णयासाठीचा एक पुरावा आहे, खुद्द निर्णय नव्हे. न्यायालयात गेलेल्या प्रकरणांत मात्र एक साचा परत परत दिसतो: पोलिसांनी ‘शिफारस नाही’ लिहिलं, प्राधिकाऱ्याने तेच उतरवून अर्ज नाकारला. अहवाल देणारा ठाणेदार आणि आदेश देणारा दंडाधिकारी, कायद्यात हे दोन वेगळे वाचक आहेत. फाइलमध्ये त्यांचा एकच वाचक होऊन जातो.

आता माझा मुख्य मुद्दा. २०१६ च्या नियमांतला नियम १२. त्याच्या तिसऱ्या उपनियमात सांगितलंय की पोलीस अहवाल आणि स्वतःचं मूल्यमापन यांच्या आधारे प्राधिकारी कोणाचे अर्ज विचारात घेऊ शकेल: व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जिवाच्या वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असलेले, समर्पित खेळाडू, सैन्य-पोलीस सेवेतले आजी-माजी लोक. इथे क्रियापद ‘मे’ आहे. वरवर वाचणारा म्हणेल, झालं, ‘देईल’चं ‘देऊ शकेल’ झालं. पण उपनियमाच्या सुरुवातीलाच एक तुकडा आहे: कलम १३(३)(अ) मधल्या तरतुदींना बाधा न आणता. नियम स्वतःच सांगतोय की पहिल्या खोलीचं दार मी बंद करत नाहीये. आणि तसंही, नियमाने अधिनियमाच्या वर जाता येत नाही, हे प्रशासकीय कायद्याचं बाळबोध तत्त्व आहे.

तरीही ‘अर्जदाराच्या जिवाला धोका असल्याचं दिसून येत नाही’ हे नकाराचं सर्वसाधारण वाक्य बनलंय. ते कुठल्या खोलीतलं आहे? फार तर दुसऱ्या खोलीतलं. पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्याला हे वाक्य लागू होऊच शकत नाही, कारण त्याने जिवाचा धोका सांगितलेलाच नाही. तो रानडुकराबद्दल बोलतोय. मी याला ‘वाचनाची गळती’ म्हणतो. एका खंडाची अट दुसऱ्या खंडात झिरपते, कुणीही कायदा बदलत नाही, आणि तरी कायदा बदललेला असतो.

सिन्नर: एक जिल्हा, दोन वाचक, तिसरं खातं

हे सगळं दिल्लीत बसून लिहिता आलं असतं. मग सिन्नर कशाला?

पहिलं कारण, सीमा. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे तिथे परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. नाशिक रोड सोडून पुणे हायवेने सिन्नरकडे निघालात की आयुक्तालयाची हद्द संपते, ग्रामीण पोलिसांची सुरू होते, आणि परवाना प्राधिकारी होतात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. तासाभराच्या रस्त्यात कायदा तोच राहतो, वाचक बदलतो. शहरात जो माणूस धोक्याची चौकशी करतो आणि जो परवाना देतो, ते एकाच खात्यातले. ग्रामीण भागात चौकशी पोलिसांची आणि निर्णय महसूलचा. अपिलाची वाटही वेगळी: जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. तुलनात्मक अभ्यासासाठी यापेक्षा नेटका नमुना शोधूनही सापडायचा नाही. राज्य तेच, जिल्हा तोच, शेजारशेजारच्या हद्दी, संस्थात्मक रचना मात्र वेगळी.

दुसरं कारण, तालुक्याचं स्वरूप. माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत, म्हणजे बंदूकधारी सुरक्षारक्षक ठेवण्याची गरज पडू शकते. गावांत निवृत्त जवान आहेत. पूर्वेला वावीकडे कोरडवाहू पट्टा आहे, बाकी भागात कांदा, भाजीपाला, ऊस. आणि बिबट्या आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात बिबट्या विहिरीत पडल्याच्या, वस्तीवर आल्याच्या बातम्या आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. रात्रीची वीज म्हणून रात्री पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला कलम १३ मधला ‘संरक्षण’ हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार करा.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: बंदूक देणारं खातं वेगळं आणि ती झाडू देणारं खातं वेगळं. समजा पीकसंरक्षणासाठी परवाना मिळाला. म्हणून रानडुकरावर गोळी झाडता येते का? नाही. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येतो. कलम ११ नुसार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकासह, धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय याच अनुसूचीत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये या दोन प्राण्यांबाबत शासन निर्णयही काढला होता. बिबट्या मात्र पहिल्या अनुसूचीत. त्याच्याबाबत अधिकार फक्त मुख्य वन्यजीव रक्षकांचा, तोही तो मानवी जिवाला धोकादायक ठरला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तेव्हाच. आणि मारण्याआधी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य आहे का, ते बघावं लागतं. स्वतःवर झडप आली आणि सद्‌भावनेने स्वसंरक्षणात प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, हे त्याच कलमात आहे. पण ते सिद्ध करायचं नंतर, चौकशीत.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. शस्त्र कायदा म्हणतो, पीक राखायला बंदूक घे. वन्यजीव कायदा म्हणतो, विचारल्याशिवाय झाडू नकोस. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण दोन्ही कागद एका टेबलावर कधीच येत नाहीत. ‘पीकसंरक्षण’ हा शब्द महसूल खात्याला परवान्याचं प्रयोजन वाटतो आणि वन खात्याला संभाव्य गुन्ह्याची चाहूल. एका शब्दाचा हा दुहेरी अर्थ म्हणजे आयता शोधप्रश्न आहे. तो सिन्नरच्या वेशीवर पडलाय, पण आपण प्रश्न शोधायला थेट परदेशी जर्नलमध्ये जातो.

निवडणूक आली, बंदूक जमा करा

कायद्याच्या वाचनाचा आणखी एक चांगला नमुना म्हणजे निवडणुकीतली शस्त्रजमा. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना ठाण्यात शस्त्र जमा करायला सांगितलं जातं, असा सार्वत्रिक समज आहे. ‘सगळ्यांनीच करायची असते’ असं परवानाधारकही सांगतात. पण २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने सप्टेंबर २००९ मध्ये सुधारित सूचना काढल्या. त्यानुसार जिल्हा पातळीवर छाननी समिती हवी, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची, आयुक्तालयात पोलीस आयुक्तांची. तिने प्रत्येक परवान्याचा विचार करायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सामील असलेले, यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचं. ज्यांचं शस्त्र जमा करणं गरजेचं वाटेल, त्यांना वैयक्तिक नोटीस द्यायची. जमा केल्यावर पावती द्यायची आणि निकालानंतर शस्त्र परत करायचं.

म्हणजे सूचना सांगते ‘निवडा’. कार्यालयाला सोपं काय? ‘सरसकट’. यात लगेच दुष्टपणा शोधू नका. शेकडो फाइली, थोडे दिवस, आणि एखादी गोळी सुटलीच तर ‘याची बंदूक का नाही घेतली?’ हा प्रश्न ज्याला विचारला जाणार तो माणूस. सरसकट आदेशाने त्याची जोखीम शून्य होते. पण मग समितीचं इतिवृत्त काय सांगतं? त्यात खरोखर नावागणिक विचार झालेला दिसतो, की एकच परिच्छेद सगळ्यांना चिकटवलेला? हा दस्तऐवज बघितल्याशिवाय ‘अंमलबजावणी झाली’ किंवा ‘झाली नाही’ असं काहीच म्हणता येत नाही.

दुसरी बाजू: सैल वाचन

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मी परवाने सढळ हाताने द्या म्हणतोय. तसं नाही. कडक वाचन जसं चूक असू शकतं, तसंच सैलही. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात शंभरावर शस्त्र परवाने रद्द झाले. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यातल्या परवान्यांची संख्या, गुन्हे दाखल असलेल्यांकडची शस्त्रं, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ, हे सगळं चर्चेत आलं, मग फेरतपासणी झाली. (असा बेदरकार गोळीबार २०१९ च्या दुरुस्तीने वेगळा गुन्हा ठरवलाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.) त्याच वर्षी पुण्यात पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना अपिलात मंत्र्यांच्या पातळीवर मंजूर झाल्यावरून राज्यभर गदारोळ झाला.

प्रश्न असा: जे परवाने गठ्ठ्याने रद्द झाले, ते देताना कलम १४ कुणी वाचलं होतं? ‘अयोग्य’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द तेव्हाही कायद्यात होतेच. कलम १७ मध्ये निलंबन-रद्दीकरणाची कारणंही जवळपास तीच आहेत. मग देताना शब्द मुका आणि रद्द करताना बोलका, हे कसं? पिकासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला ‘धोका दिसत नाही’ म्हणणारी आणि दबदब्यासाठी पिस्तूल मागणाऱ्याचं ‘सबळ कारण’ लगेच पटवून घेणारी यंत्रणा एकाच राज्याची आहे. कायदा नेमका उलट्या दिशेने रचला होता: पहिल्यासाठी दार उघडं, दुसऱ्यासाठी चौकशी. माझ्या मते या विषयातली खरी शोकांतिका हीच आहे. कडकपणा आणि सैलपणा दोन्ही चुकीच्या खोलीत जाऊन बसलेत.

उपलब्ध अभ्यास कुठे कमी पडतात

कायद्याच्या विद्यार्थ्यांचं लिखाण बहुतेक न्यायालयाभोवती फिरतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गणेशचंद्र भट्ट प्रकरणात शस्त्र बाळगणं थेट अनुच्छेद २१ शी जोडलं, पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती भूमिका नाकारली. अमेरिकेत २०२२ च्या ब्रूएन निकालाने न्यूयॉर्कची ‘योग्य कारण दाखवा’ ही अट रद्द केली. हे सगळं वाचायलाच हवं. ब्रूएनमधला मुद्दा तर आपल्याशी जुळतो: अधिकाऱ्याच्या ‘समाधाना’वर परवाना लटकवायचा का? पण तिथे उत्तर घटनेतल्या हक्कातून आलं. आपल्याकडे तो हक्क नाही (वर म्हटलं होतं, लागेल). त्यामुळे आपल्या नागरिकाच्या हातात उरतात ती फक्त लेखी कारणं. म्हणून आपल्या अभ्यासाचं केंद्र निकालपत्राऐवजी नकाराचा आदेश असायला हवं. कोर्टापर्यंत पोचतात ती प्रकरणं मूठभर, वकील परवडणाऱ्यांची.

समाजशास्त्रवाले लिप्स्की आणतात. मायकेल लिप्स्कीचं १९८० चं पुस्तक, खालच्या फळीचे कर्मचारी जे ठरवतात तेच प्रत्यक्षात धोरण बनतं, हा त्याचा मुद्दा. उत्तम आहे. पण आराखड्यात लिप्स्की बहुतेकदा स्टिकरसारखा चिकटवलेला असतो. त्याचे कर्मचारी नागरिकाला समोरासमोर भेटतात, शिक्षक, पोलीस, समाजसेवक. शस्त्र परवान्यात निर्णय घेणारा अधिकारी अर्जदारापेक्षा फाइललाच जास्त भेटतो. तिथे लिप्स्की जसाच्या तसा चालत नाही, हे लिहिण्याची हिंमत करा.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलं ते नयनिका माथुर यांचं ‘पेपर टायगर’ (२०१६). उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या गोपेश्वरमध्ये राहून केलेलं काम. रोजगार हमीचे कागद आणि गावाला घेरणारा नरभक्षक बिबट्या, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. माणसं मरत असताना शिकारीचा परवाना यायला किती वेळ जातो, त्या वाट बघण्यात राज्यसंस्था कशी दिसते, हे त्या फार बारकाईने दाखवतात. सिन्नरच्या वाचकाला ते पुस्तक परकं वाटणार नाही. माझा मतभेद एवढाच की तिथे वाट बघणं हे मुख्यतः कागदी यंत्रणेच्या गतीतून येतं. शस्त्र परवान्यात विलंब हाच एक प्रकारचा निर्णय असतो. अर्ज नाकारला तर कारण लिहावं लागतं, अपील होतं. ‘प्रलंबित’ ठेवला तर दोन्ही टळतं. कलम १४ मधलं लेखी कारणांचं बंधन चुकवायचा सगळ्यात शांत मार्ग म्हणजे आदेशच न देणं. हा फरक माथुर यांच्या चौकटीत नीट बसत नाही, आणि तिथे नवीन कामाला जागा आहे.

करायचं असेल तर असं करा

मित्रांनो, आता व्यवहाराचं.

एक: आधी मजकुराचा तक्ता करा. अधिनियम, नियम, परिपत्रक, जिल्ह्याची कागदांची यादी, असे चार स्तंभ. एकच गोष्ट (उदा. ‘धोका’) प्रत्येक स्तंभात कुठल्या शब्दांत येते ते लिहा. गळती कुठे झाली ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

दोन: माहिती अधिकारात नावं मागू नका. वैयक्तिक माहितीच्या अपवादाखाली अर्ज फेटाळला जाईल, आणि फेटाळला जायलाच हवा. कुणाच्या घरात बंदूक आहे ही यादी बाहेर येणं धोक्याचं आहे. आकडे मागा: वर्षनिहाय आलेले अर्ज, मंजूर, नामंजूर, प्रलंबित, नकाराची कारणं प्रकारानुसार, पीकसंरक्षणाचे अर्ज वेगळे, तीस दिवसांनंतर आलेले पोलीस अहवाल किती. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. जे खातं नकाराची कारणं मोजत नाही, ते ती कारणं कशी बघतं, याचा तो पुरावा आहे.

तीन: वारशाची प्रकरणं बघा. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला, किंवा धारकाचं वय सत्तर झाल्यावर वा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगल्यावर त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देण्याचा विचार होतो. आजोबांची बारा बोअर नातवाकडे येते तेव्हा घर आणि कार्यालय दोघांनाही ‘गरज’ या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागतो. मुलाखतींसाठी ही फार चांगली जागा आहे.

चार: कारकुनाला आरोपी म्हणून भेटू नका, वाचक म्हणून भेटा. ‘तुम्ही हे का केलं नाही?’ असं विचारलंत तर उत्तर ‘वरून आदेश’ एवढंच मिळेल. ‘साहेब, असा अर्ज आला तर तुम्ही आधी कुठला कागद बघता?’ असं विचारलंत तर तास-दीड तास बोलतील. मग ठरवा कोण चूक आणि कोण बरोबर.

पाच: स्वतःची भूमिका प्रबंधात एकदा स्पष्ट लिहा आणि पुढे जा. माझी अशी: परवाने किती असावेत हे लोकशाहीने ठरवावं, पण जे ठरलंय ते ज्या वाक्यात लिहिलंय, ते वाक्य सिन्नरच्या शेतकऱ्यासाठी आणि पुण्या-बीडच्या वजनदार माणसासाठी एकाच पद्धतीने वाचलं जावं. ‘देईल’ असेल तिथे द्यावं, ‘समाधान’ असेल तिथे खरोखर तपासावं, आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर लेखी म्हणावं.

पुढच्या लेखात कलम १७ खालच्या रद्दीकरणाच्या आदेशांची भाषा घेऊ. तोपर्यंत आपापल्या आराखड्यातलं ते ‘अंमलबजावणी नीट होत नाही’ वाक्य काढा, आणि त्या जागी कोण, कोणतं कलम, कसं वाचतं, हे लिहून बघा.